उघड्या पट्टीवरचा हात

६ जानेवारी
लेप टिकला! सकाळी वाफ सोडली ती संध्याकाळी निघेपर्यंत लेप दिलेल्या पट्टीवर थेंबच थेंब. शेजारच्या बिनलेपाच्या, उघड्या तांब्याच्या पट्टीवर मात्र नेहमीसारखी पाण्याची सलग साय. साय धरली की उष्णता तांब्यापर्यंत धड पोचत नाही. थेंब कसे — फुगतात, घरंगळतात, वाटेतल्यांना सोबत नेतात, आणि मागे तांबं पुन्हा मोकळं. वाफेच्या पेटीच्या काचेला नाक लावून बसले होते. तंद्रीच लागली.
सर म्हणाले, "आकडे घ्यायचेत की नुसतं बघायचंय?"
खरं तर नुसतं बघायचं होतं.

९ जानेवारी
आईंना, म्हणजे सासूबाईंना, सगळं रंगवून सांगितलं. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, पण ऐकायची हौस दांडगी. "म्हणजे दिवसभर पातेल्यावरचं झाकण बघत बसतेस. आणि त्याचा पगार देतात?"
म्हटलं, देतात, आणि वेळेवर देतात.

१५ जानेवारी
वीजकेंद्राची माणसं २ फेब्रुवारीला येणार; वाफेचं पाणी करायच्या त्यांच्या नळ्यांसाठीच हा लेप. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून फरक दाखवायचा. दिसला तर काम पुढे, नाहीतर आमची खोली दुसऱ्या विभागाला. या लेपापायी सरांचे केस पिकले, माझेही पिकायला लागलेत. एकाच पत्र्यातून कापलेली ही शेवटची जोडी. जिवापाड जपायला हवी.

१८ जानेवारी
आज घरच्यांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं होतं. पट्ट्या पेटीतून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. मी नळ बंद करायला वळले, तेवढ्यात आईंनी उघड्या पट्टीवर अख्खा तळवा टेकवला. मी ओरडलेच! हाताच्या तेलकटपणानेही पाणी थेंब धरतं. मग तुलना कसली करणार, कपाळ?
"हात लावल्याशिवाय मला कसं दिसणार गं?"
सगळ्यांसमोर बोलले त्यांना. पट्टी तशीच खोक्यात टाकली आहे, सावकाश धुईन.

२३ जानेवारी
आई गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

३० जानेवारी
कामावर गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं. पट्टी न धुताच लावली, वाफ सोडली.
सगळीकडे साय धरली, आणि मधोमध पाच बोटं उमटली. थेंबांची. संधिवाताने वाकलेला अंगठासुद्धा.
सर मागे येऊन उभे राहिले. "आम्लात बुडवावी लागेल," एवढंच म्हणाले, तेही अगदी हळू. मी नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं.
आई गेल्यापासून हा रडला नव्हता. काचेसमोर उभा राहिला. थेंब मोठे व्हायचे, ओघळायचे, पुन्हा तिथेच नवे धरायचे. हात जायचा आणि यायचा. आम्ही दोघं त्यात हरवूनच गेलो. मग याने आपला तळवा काचेवर ठेवला, त्या हातासमोर.
"एवढासाच होता हात?" म्हणाला, आणि रडायला लागला.
बऱ्याच वेळाने डोळे पुसले. "धू. पण मी इथून निघाल्यावर."

२ फेब्रुवारी
फरक लख्ख दिसला. पाहुणे खूश, काम पुढे चालू. सरांनी पेढे वाटल्यासारखा चेहरा करून सगळ्यांशी हात मिळवला.
उघड्या पट्टीवर एकही थेंब नव्हता. मीच धुतली होती, अगदी नीट.