ताकाचा हबका

सनीव्हेल,
१४ ऑक्टोबर २००६

चि. विनीतास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या गुडघ्याचं कळलं. रोज तेल चोळून देतेस, हे तूच करू जाणे. मी आपली इथून फोनवर सूचना तेवढ्या चोळते. आमच्याकडे सगळं ठीक. सावनी कॉलेजात रमली आहे. फोन केला की 'आय अ‍ॅम फाइन, मॉम' म्हणते आणि तिला लगेच क्लास असतो. दिवाळीच्या चकल्या इथल्या मंडळाकडून मागवल्या. चकल्याही मंडळासारख्याच निघाल्या, कडक आणि जरा जुन्या.

पत्र बघून दचकली असशील. ईमेल मुद्दामच केली नाही. ईमेलला माणूस लगेच काहीतरी उत्तर देऊन टाकतो.

तर चिआंग माई. डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, आईला अमेरिकेपर्यंतचं विमान झेपत नाही, म्हणून मध्येच कुठेतरी, थायलंडच्या उत्तरेला भेटायचं, आम्ही दोघं आणि तुम्ही दोघी, ही कल्पना माझीच. तेव्हा हॉटेल शोधण्याची शिक्षाही मलाच. बाई गं, काय सांगू! इंटरनेटवर बघावं तर प्रत्येक हॉटेल 'शहराच्या अगदी मध्यात' आणि तरीही 'अत्यंत निवांत'. जुन्या शहराला चौकोनी खंदक आहे, त्याच्या आतली गेस्ट हाउसं स्वस्त आणि देखणी, पण जिने असे की आईला वर चढवली तर निघायच्या दिवशीच खाली आणावी लागेल. रात्रीच्या बाजाराजवळ राहावं, तर तिथे पहाटेपर्यंत गाणी. आणि जिथे बघावं तिथे दिवाणखान्यात रंगीत कागदी छत्र्या लटकवलेल्या. तू मार्चमध्ये मला पाठवलीस ना, सिंगापूरच्या ट्रेनिंगहून आणलेली, तश्शाच. ती चिआंग माईजवळच्या एका गावची खासियत आहे म्हणे. सिंगापूरवाले कुठून कुठून माल आणतात!

शेवटी एक सापडलं. नदीकाठी, तळमजल्यावर खोल्या, समोर व्हरांडा, उंबरठासुद्धा नाही. जणू आईच्या गुडघ्याला विचारूनच बांधलेलं. मी रवींद्रला फोटो दाखवले.

"ते नको," तो म्हणाला. "डास असतात."

"तुला काय माहीत?"

"नदी म्हटल्यावर डास असणारच ना, यार. कॉमन सेन्स. आणि व्हेजचे हाल होतील आईंचे. तू खंदकाच्या आत बघ."

विनू, पंचवीस वर्षांत या माणसाने हॉटेल या विषयावर एकही मत दिलेलं नाही. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो तेव्हा लॉजच्या गादीतून कापूस बाहेर येत होता. हा म्हणाला, 'झोपच तर घ्यायचीय.' तो आता थायलंडातल्या डासांची काळजी वाहतो. मला वाटलं, वय झालं, शहाणा झाला.

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला कुणी 'नको' म्हटलं की ते मला हवंच असतं. मी त्याच हॉटेलला ईमेल टाकली, मिसेस पेंढारकर या नावाने. तळमजल्याची खोली मिळेल का, आणि आम्ही असू त्या दिवसांत आमचा एक उपास येतो, तर साबुदाण्याचं काही जमेल का.

दुसऱ्या संध्याकाळी उत्तर आलं. मी फोडणी टाकली आणि वाचायला बसले. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीचं इंग्रजी फार गोड आहे. मराठीत सांगते: 'मिसेस पेंढारकर, तुम्ही पुन्हा येताय, आम्हाला फार आनंद झाला. फेब्रुवारीत होती तीच खोली देऊ का? आचाऱ्याला तुमचा साबुदाणा पक्का आठवतो. दाण्याचं कूट, बटाटा नाही, रताळं, आणि झाकण ठेवण्याआधी वरून थोडं ताक शिंपडायचं. या वेळीही चंद्र उगवल्यावरच वाढायचं ना? मागच्या वेळी ढग होते आणि सर चंद्र बघायला पुन्हा पुन्हा नदीवर जात होते, ते आम्ही अजून हसून आठवतो.'

स्मोक अलार्म वाजायला लागला तेव्हा मला कळलं की मोहरी जळून कोळसा झाली आहे. रवींद्र धावत आला, खिडक्या उघडल्या, टॉवेलने धूर हाकलला. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हणाला. मी म्हटलं, "चिआंग माईत." तो हसला. मीही हसले असेन. माझ्या तोंडाचं काय चाललं होतं, ते मला ठाऊक नाही.

फेब्रुवारीत तो कंपनीच्या कामाला पिनांगला होता, थायलंडच्या शेजारच्याच देशात. मी फेब्रुवारीत इथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत.

खिचडीत रताळं घालून वर ताकाचा हबका मारणाऱ्या जगात तीन बायका. एक आई, ती कोथरूडच्या बाहेर पडत नाही. एक मी.

चार दिवस मी तुझी वकील झाले होते. पेंढारकर दुसरे असतील. आचारी कधी पुण्यात राहिला असेल. कुणाच्या तरी आत्याची पद्धत तीच असेल. अगं, खुन्यासाठीसुद्धा कुणी इतकं भांडत नाही. पण तुझी छत्री समोरच्या दिव्यावर टांगली आहे, आणि संध्याकाळी दिवा लावला की माझा एकेक मुद्दा खोडते.

मला हसू कशाचं येतं, सांगू? तू उपास मोडला नाहीस. बहिणीचा नवरा चालला, संकष्टी मोडलेली चालली नाही. आईचे संस्कार वाया गेले असं कोण म्हणेल!

आणि तो चंद्र. मी दर संकष्टीला विचारते, "जरा गॅलरीतून बघतोस का रे, उगवला का?" तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, "कॅलेंडरमध्ये वेळ दिलीय ना?" बाकीचं मी गिळेनही कदाचित, विनू. पण तो पुन्हा पुन्हा नदीवर गेला. हे घशाखाली उतरत नाही.

तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तुझ्या वेण्या मी घातल्या. आईचं सगळं आज तू करतेस, ते उपकार मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर हे पत्र चार ओळींत आटपलं असतं. फोनवर तू अजून त्याला 'भावोजी' म्हणतेस. तो शब्द उच्चारताना काय होतं गं तुला?

त्याला मी अजून काही बोललेले नाही. आत्ताच दारातून विचारून गेला, "ठरलं का हॉटेल?" मी म्हटलं, "ठरलं."

ठरवलं आहे. तेच, नदीकाठचं. तळमजल्यावरची एक खोली, दोन माणसांची, आई आणि मी. रवींद्रने आपली सोय आपण बघावी. त्या शहराची माहिती त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. तू आईला मुंबईहून विमानात बसवून दे, व्हीलचेअर मी सांगितली आहे, बँकॉकला मी तिला घ्यायला उभी असेन. तू येऊ नकोस. आईला काय कारण द्यायचं ते तू बघ. ट्रेनिंग सांग.

आचाऱ्याला संकष्टीची खिचडी सांगून ठेवली आहे. चंद्र मी स्वतः जाऊन बघेन. मग आई पहिला घास घेईल, थांबेल, आणि विचारेल, "अगं उत्तरा, याला हा ताकाचा हबका कुणी शिकवला?"

मी आईशी कधी खोटं बोलले नाही. तेव्हा काय सांगू, एवढंच मला कळव. पत्रानेच.

'तुझी' लिहायला हात वळत नाही. पुढचा शब्द मात्र तुझ्या जन्माने मला दिला, तो मी ठेवते.

ताई