तो मळ नव्हता

वसमत, मंगळवार, १२ डिसेंबर १९७८

सुजाताला आज नांदेडच्या डॉक्टरांकडं नेलं. दहा वर्षांची पोरगी, पण सारखं पाणी पाणी करते. लघवीत साखर निघाली. तिची काळी मान बघून डॉक्टर म्हणाले, "बाई, हा मळ नाही. लेकराचं वजन फार वाढलं की शरीरात साखरेचा बिघाड होतो, मान अशी काळी पडते."

अन् मी ती मान रोज दगडानं घासत होते. रडली तरी घासली. वर अंगानं भरलेली दिसावी म्हणून तूप-साखर चारली. मला काहून कळलं न्हाई?

परतताना एसटीत ती हळूच म्हणाली, "आई, मग आमच्या शाळेतल्या बाईंना सांगशील का, मी रोज आंघोळ करते म्हणून?"