डावखुऱ्याचं बिऱ्हाड

लोरेन, ओहायो
६ ऑगस्ट

तीर्थरूप एमिलदादास,
धाकट्या लुडविकचा नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? माझा डावा गेला, उजवा त्याच्या वाटेवर आहे. बर्नडीन बरी आहे. ती म्हणते की नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलंय असं तिला लग्नापासून आठवत नाही. (तिला नको ते बरोबर आठवतं.)

पत्राचं कारण तुला कळलंच असेल. आमच्या बेसबॉल संघानं, फेरीमेननी, रॉस्को टिबेटला तुमच्या टोलेडोच्या स्टोकर्सना देऊन टाकलं. अकरा वर्षं आमच्याकडून पिचिंग केलेला डावखुरा, आणि दिला कुणाला, तर आपल्याच गटातल्या संघाला! म्हणजे यापुढे वर्षातून डझनभर वेळा तो आमच्याच पोरांसमोर उभा राहणार. त्याच्या बदल्यात तुम्ही आम्हाला दोन पोरं दिलीत. त्यातल्या एकाला अजून धड मिशी नाही आणि दुसऱ्याचं नाव रेडिओवाल्यालाही उच्चारता येत नाही.

बातमी आली त्या सकाळी आम्ही नेहमीसारखे रोझाल्बाच्या खानावळीत होतो. वेंडल प्रुइट (तोच, मेन स्ट्रीटवरचा न्हावी, आता फक्त टकलांचे केस कापतो) आणि फर्मीन किन्योनेस, जो पोलादाच्या गिरणीत माझ्या पाळीला होता. फर्मीनने कॉफीचा मग असा आपटला की माझ्या अंड्यांवर कॉफी सांडली. "अरे, विकायचाच होता तर कॅलिफोर्नियाला विका ना! समोरच्या घरात कोण देतं?" वेंडलचं म्हणणं वेगळंच. "चौतीस वर्षांचा झालाय तो. खांदा गेलाय त्याचा. जाऊ दे टोलेडोला, तिथे सडू दे. मला तर तो कधी आवडलाच नव्हता." यावर फर्मीन म्हणाला, "तू मागच्या वर्षी त्याच्या नावाचा शर्ट घालून चर्चमध्ये आला होतास, लेका!" मग दोघं तासभर भांडले. मालकाला अक्कल नाही इथपासून ते डावखुऱ्यांवर विश्वासच ठेवू नये इथपर्यंत. शेवटी रोझाल्बा फडकं खांद्यावर टाकून म्हणाली, "रडायचं असेल त्यानं आधी अंडी संपवावीत." त्यानंतर एकमतानं ठराव झाला की या गावातल्या कुणीही टिबेटला कुठलीही मदत करायची नाही. पेटी उचलायचीसुद्धा नाही.

मी मान खाली घालून खात होतो. कारण दादा, तासाभरापूर्वीच मला फोन आला होता. सामान हलवण्याचा ट्रक या गावात माझाच आहे. टिबेटचं बिऱ्हाड टोलेडोला पोचवायचं काम मी घेतलं होतं. (तू म्हणशील, नाही म्हणायचं होतं. मीही म्हणणारच होतो. पण माणूस फोनवर इतक्या हळू आवाजात बोलला की माझ्या तोंडून 'किती वाजता येऊ?' असंच गेलं.)

गेल्या मंगळवारी त्याच्या घरी गेलो. मला वाटलं होतं संगमरवर आणि झुंबरं असतील. सोफा होता, तोही कुत्र्यानं खाल्लेला. पण गॅरेज भरून होतं ते गावानं दिलेल्या वस्तूंनी. गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, शाळकरी पोरांनी काढलेली त्याची चित्रं, ज्यात प्रत्येकात तो उजव्या हातानं चेंडू टाकतोय. एकही वस्तू त्यानं टाकली नव्हती. एका खोक्यात काचेची भांडी होती, ॲपल-पाय आणि पुलाव घालून दिलेली, परत न गेलेली. प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. एकावर लिहिलं होतं 'मिसेस प्रुइट, कृपया परत करावे'. म्हणजे वेंडलच्या घरून! त्याखालचं भांडं उलटं केलं तर बर्नडीनचं. सहा वर्षं ते हरवलं म्हणून मी शिव्या खाल्ल्या होत्या.

आता ट्रकवर मोठ्या अक्षरात आपलं आडनाव 'हृस्का' लिहिलंय हे तुला माहीत आहे. ते झाकायला मी बर्नडीनची गुलाबाच्या फुलांची चादर बांधली. टिबेटची गाडी आधीच पुढे गेली होती, म्हणून तो भांड्यांचं खोकं मांडीवर घेऊन माझ्या शेजारीच बसला. आणि नेमकं रोझाल्बाच्या दारासमोरच्या सिग्नलला वारा सुटला, चादर उडाली आणि खानावळीच्या काचेवर जाऊन पसरली. कुणीतरी दारातून हात काढून ती बाजूला ओढली. पलीकडे वेंडल, फर्मीन आणि रोझाल्बा. अलीकडे मी आणि तो.

तिघं बाहेर आले. सिग्नल हिरवा झाला, पण मी हललो नाही, मागचे भोंगे वाजवायला लागले. मला वाटलं, आज चाळीस वर्षांची मैत्री संपली. वेंडल खिडकीशी आला. त्याच्या तोंडात काय काय होतं ते मला ठाऊक होतं, आठवडाभर ऐकत होतो. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "ते भांडं माझ्या बायकोचं आहे. घाई नाही. सावकाश दे." टिबेट म्हणाला, "ॲपल-पाय चांगला होता, वेंडल." त्याला नाव माहीत होतं! वेंडल मागे वळला आणि खूप वेळ नाक पुसत उभा राहिला. फर्मीन म्हणाला, "आम्हाला हरव, पण फार मोठ्या फरकानं हरवू नकोस हं." रोझाल्बानं चादर घडी करून आत दिली आणि वर दोन सँडविचं.

वाटेत टिबेटनं विचारलं, टोलेडोत तुमचं कुणी आहे का? म्हटलं, भाऊ आहे, काचेच्या कारखान्यात होता. जाता का त्याच्याकडे? म्हटलं, नाही. का? दादा, आबांच्या अंत्यविधीला तू स्टोकर्सची टोपी घालून आलास, हे सांगणार होतो. (पाऊस होता आणि गाडीत तेवढीच टोपी होती, हे तू तेव्हा तीनदा म्हणालास. आता मला ते पटतंय.) पण ओठांवर आलं ते वेगळंच. पोर्चवर आबा गिरणीतून आल्यावर पाय बादलीत बुडवून बसलेले, रेडिओ खिडकीत, आई बटाटे सोलतेय, आणि आपण दोघं अंगणात, दोघांत एकच ग्लोव्ह. तू चेंडू झेललास की ग्लोव्ह काढून माझ्याकडे फेकायचास. मी झेलला की मी. अर्धा वेळ चेंडूपेक्षा ग्लोव्हच हवेत असायचा. हे सगळं मी त्याला पार टोलेडो येईपर्यंत सांगत बसलो.  उतरताना तो म्हणाला, "अकरा वर्षांनी मला लोरेन सोडायचंय का, असं कुणी विचारलं नाही. तुमच्या भावाला तरी कुणी विचारलं होतं का?"

गिरणी बंद पडायला आली तेव्हा तू गेलास. मी तेव्हा तुला पळपुटा म्हणालो होतो. बास, यावर आणखी लिहीत नाही.

तुझा,
लुडविक

ता. क. टिबेटनं मला दोन तिकिटं दिलीत. एकवीस तारखेला तो आमच्याविरुद्ध तुमच्या मैदानावर उतरणार आहे. बर्नडीनला उन्हात बसवत नाही. तू येशील का? कुणासाठी ओरडायचं हे मी अजून ठरवलेलं नाही, तेव्हा तूही मला विचारू नकोस.

ता. क. २. मंगळवारी दुपारी ज्या पिवळ्या ट्रकनं तुझी पत्रपेटी खांबासकट आडवी करून पळ काढला, तो ट्रक माझा. रिकामा परतताना तुझ्या रस्त्याला वळलो होतो. तू गवत कापत होतास, पाठमोरा, हुबेहूब आबांसारखा टकला. हाक मारायला काच खाली केली आणि ऐनवेळी घाबरून ट्रक मागे घेतला. म्हणूनच हे पत्र तुमच्या शेजारणीच्या पत्त्यावर टाकतोय. तिची माफी मागतो.

ता. क. ३. नवा खांब मी आणतोय. सिमेंट ओलं असताना तो एकानं धरून ठेवावा लागतो आणि रात्रभर वाळू द्यावा लागतो, तेव्हा वीस तारखेलाच येतो. वहिनींना विचार, राहायला जमेल ना?