दोन सुना आणि एकच दहा

चि. ढब्बूस थोरल्या ताईचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत (असं आधी लिहायचं असतं म्हणून लिहिलं. नाहीत). फोन केला नाही, कारण मी फोन उचलला की दोन्ही सुनांचे कान दाराला चिकटतात.

तर लाँड्रीत दोघींना दोन कॉम्प्युटर घेऊन दिले. पावत्यांचा सगळा हिशेब म्हणे लांबच्या कुठल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतो, इथून मागायचा, तिथून उत्तर येतं. वायरवाला म्हणाला, प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो, तोच त्याचा पत्ता. राउटर नावाची डबी नंबर बघून ज्याचं त्याला पोचवते. झालं! थोरली म्हणे, मी मोठी, मला दहा. धाकटी म्हणे, मग मी काय जन्मभर हिच्या मागे अकरा? तीन दिवस घरात भांडी आपटत होती. शेवटी मी निवाडा केला, दोघींना दहा. वायरवाला "असं चालत नसतं, मावशी" करत राहिला. मी म्हटलं, दुकान कोणाचं? त्याने मुकाट्याने दहा-दहा टाकलं आणि गेला (पळालाच म्हण). तीस वर्षं मी गाठोड्यांना नंबराच्या चिंध्या बांधते, एक नंबर दोनदा कधी दिला नाही. पण गाठोडी रुसत नाहीत ना.

मग थोरलीने काही मागितलं की डबी उत्तर धाकटीच्या दारात नेऊन टाकायची, धाकटीचं यंत्र म्हणायचं मी हे मागितलंच नव्हतं, आणि फेकून द्यायचं. कधी उलट. गिऱ्हाइकं खोळंबून शिव्या घालतात. पडद्यावर इशारा यायचा म्हणे, पण तो दुसरीनेच डिवचायला पाठवलाय असं समजून दोघी न वाचता पुसायच्या. आता थोरल्या लेकाने वेगळं बिऱ्हाड करायला खोली बघून ठेवलीय. घर फुटतंय रे.

तुझी,
ताई

ता.क. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, तुझं ऐकतील. तू दोन दिवस ये आणि सगळ्यांसमोर सांग, डबी बिघडली होती. माझं नाव काढू नकोस.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायच्या आत कळलं, दोघींनी मिळून तुलाच फोन केला आणि दोघींना एकच दहा दिला म्हणून हा घोळ, चूक ताईची, असं तू सगळं ओकलास. शाब्बास. धाकटीने आपणहून अकरा घेतला. दोघी गळ्यात गळे घालून बसल्यात, आणि थोरल्याने बघितलेली खोली आईंना एकटीला पुरेल म्हणतात. तेव्हा येच, पण मला न्यायला.