दोन थेंब भांगेचं तेल

निरगुडसर

भरतदादा,

तू पाठवलेल्या भांगेच्या तेलानं काल माझा जीव जायचाच बाकी राहिला होता. घाबरण्याचे झटके येतात मला आणि औषध ठरवतोस तू, तेही पुण्यात बसून मोबाईलवर वाचून. "आरती, फक्त दोन थेंब घे, लगेच शांत वाटंल," म्हणालास. घेतले. तासाभरात छाती इतकी धडधडायला लागली की मी गोठ्यातच खाली बसले आणि आता मेले म्हणून रडायला लागले.

सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, नाटकं करते म्हणून ओरडतील. पण त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मरत न्हाई कुणी यानं. मला बी लगीन झाल्यापासनं व्हतं असं. येडी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई."

इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून लपून थरथरत होतो, दादा.

उद्या आम्ही दोघी मंचरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जातोय. तुला कळवायचं नाही, म्हणून हे पत्रही टाकणार नाही. कळलं की तू आधी गोळीचं नाव विचारशील. मी कशी आहे, हे तू अजून एकदाही विचारलेलं नाहीस.

तुझीच,
आरती