शिवकांतेस परमुलखातून आणण्याविषयी

मंगळवार, १२ ऑगस्ट १९४७. तामलवाडी.
आमची धाकटी कन्या शिवकांता हिची लग्नानंतरची पहिली नागपंचमी येत्या २१ तारखेस आहे. तिला माहेरी आणण्यासाठी मुऱ्हाळी म्हणून मी स्वतः जाणार. व्याही शरणबसप्पा यांचा निरोप आहे की, आदल्या दिवसापर्यंत माहेरचे माणूस दारात आले नाही, तर सून पाठविली जाणार नाही. नियम योग्य आहे. मीही असाच निरोप धाडला असता.

त्यांचे गाव सोलापूरच्या वाटेवर, सरहद्दीच्या नाक्यापलीकडे दोन कोसांवर. परंतु १५ तारखेस तिकडून इंग्रज जाणार. त्यानंतर तो मुलुख निराळा व आम्ही निजामाची रयत निराळी. म्हणजे तेथे मी परदेशी. ही गोष्ट गावात केवळ माझ्या ध्यानात आली. चौथी उत्तीर्ण झाल्याचा हा लाभ.

पत्नी द्वारकाबाई म्हणाली, मग पंध्राच्या आधीच आणा की. तिला समजावले की, मुलगी एका राज्यातून निघेल आणि दुसऱ्याच राज्यात परत जाईल. तो गुंता मी पत्करणार नाही. ती भाकरी थापीत राहिली. पटले असावे.

शनिवार, १६ ऑगस्ट.
नाक्यावर गेलो. येथे आजवर केवळ मालावर जकात घेत. मुन्शी महेबूबसाहेब सभ्य गृहस्थ आहेत. परदेशगमनाचे परमिट कोणाकडे मागावे, असे विचारले. ते म्हणाले, कायका परमिट, चाचा? परसों जाते थे, वैसाच जाव. मी म्हणालो, परमिट लागत नाही असा लेखी हुकूम दाखवा. तो त्यांच्यापाशी नव्हता. वर विचारण्याचे कबूल करवून घेतले.

सोमवार, १८ ऑगस्ट.
वरून उत्तर नाही. शेजारचा मुनवर गाडीवान म्हणाला, अप्पा, बसा माझ्या गाडीत. दिस मावळायच्या आत लेक झोक्यावर आसंल. नकार दिला. त्याच्यापाशी बैलांशिवाय काहीही नाही. कागद तर नाहीच.
पत्नीने लिंबाला झोका बांधला आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट.
मोठे यश. महेबूबसाहेबांनी अखेर हात जोडून एक छापील कागद काढला. तो मालासाठीचा आहे, याखेरीज दुसरा कागद नाक्यावर ठेवीत नाहीत. माल: कन्या, एक. वजन: मी लिहविले, 'सासरी गेल्यापासून पाहिलेली नाही.' शेवटचा रकाना: माल परत कधी जाणार?

येथे मी लेखणी खाली ठेवली. माहेरवाशीण उंबऱ्याच्या आत येण्यापूर्वी तिच्या जाण्याचा दिवस तोंडातून काढू नये. काढला तर पुढच्या साली तिचे येणे होत नाही. महेबूबसाहेब म्हणाले, कुछ भी डालो चाचा, पाँच दिन, पंद्रा दिन. मी विचारले, आपली लेक आली की तिला दारातच विचारता का, बाई, जाणार कधी? ते रकाना कोरा ठेवून सही करू लागले. मी कागद ओढून घेतला. अपुऱ्या कागदावर परदेशात जाणारा मी नव्हे.

बुधवार, २० ऑगस्ट. सकाळ.
आज अखेरचा दिवस. निकाल लागेपर्यंत नाक्यासमोर बसून राहण्याचा निश्चय. पत्नी म्हणाली, त्या रकान्यात तुमचं नाव घाला, तुम्ही कवा जाणार ते मीच लिहिते.

दुपार.
घोंगडीवर बसलो आहे. बाजारकरू खुशाल ये-जा करीत आहेत. एक शेळीही परमिटावाचून परदेशी गेली. महेबूबसाहेबांच्या नजरेस आणून दिले. त्यांनी चहा पाजला.
शिवकांता दाराकडे पाहत असेल. येथे हे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

सायंकाळ.
पलीकडून मुनवरची गाडी आली. गाडीत शिवकांता. सकाळी माझी पाठ वळताच पत्नीने साडी-चोळी व नारळ देऊन त्याला धाडले होते. शरणबसप्पांनी विचारले, माहेरचं माणूस कुठं हाय? मुनवर म्हणाला, ह्ये काय, म्या तामलवाडीचाच की! व्याह्यांनी त्याला जेवू घालून सून पाठविली.
महेबूबसाहेबांनी तिला काहीच विचारले नाही. मुकाट्याने आडवे लाकूड वर केले. माझ्या कालच्या शिकवणुकीचा परिणाम.
शिवकांतेने खाली उतरून माझी घोंगडी झटकली व म्हणाली, अप्पा, उठा, तुमाला न्यायला आले.

गुरुवार, २१ ऑगस्ट. नागपंचमी.
कन्या सकाळपासून झोक्यावर. पत्नी बायकांना सांगत आहे की, लेकीनं बापाला नाक्यावरनं आणलं. ऐकू येत नसल्याचे दाखविले.
आता उंबरा ओलांडून झाला असल्याने परत जाण्याचा दिवस रीतसर विचारला. शिवकांता म्हणाली, मुनवरकाका पोचवणार आसतील तर परवा. तुमी पोचवणार आसाल तर दिवाळी हुईल.
पत्नी लगबगीने म्हणाली, न्हाय न्हाय, तुला अप्पाच पोचवतील.
इतक्या वर्षांनी घरात माझी योग्यता कळली. उद्याच परमिटाच्या मागे लागतो.