तुझ्या मांडीतली सळई

प्रिय माय,

तुझ्या तेरवीची भांडी अजून घासायची आहेत, आणि मानोऱ्याहून तुझ्या जावयाचा निरोप आलासुद्धा. "झालं न आता बुढीचं सारं? उद्या नेयाले येतो, तयार राहजो." बुढी म्हणाला तुला! माझं डोकं भडकलंय, आणि सांगायला घरात तू नाहीस. म्हणून लिहायला बसले.

आठवतं, इंझोरीच्या आपल्याच अंगणात त्यानं माझे केस मुठीत गुंडाळले होते? तू चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावलीस आणि दुसऱ्याच पावलाला तुझी मांडी मोडली. वाळली तुराटी मोडते तसा आवाज आला गं! तू मातीत ओरडत पडलीस. तो तुला ओलांडून मला गाडीपर्यंत फरफटत घेऊन गेला.

छातीतला कॅन्सर कापून काढला होता, तो मांडीच्या हाडात जाऊन बसला होता. किती दिवस दुखत होतं, तू मात्र बाम चोळून खुरपणीला जात राहिलीस. का बोलली नाहीस एका शब्दानं? याचा मला अजून राग येतो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मामाला स्पष्ट सांगितलं, मांडीच्या हाडात सळई घालायच्या या ऑपरेशननं कॅन्सर जाणार नाही, पाय उभा राहील आणि दुखणं कमी होईल, एवढंच. मामा म्हणाला, "मंग कायले हाल करता तिचे?" तू खाटेवरून ओरडलीस, "मले उभी करा! पोरीले आणाले जायाचं हाये!"

कंबरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, तू पूर्ण जागी होतीस. "खुटा ठोकतेत तसं ठोकत होते माह्या मांडीत," हे तू मला हसत सांगितलंस. काय बाई होतीस तू!

आणि आलीस! रेडिएशन संपलं तशी मामाच्या ऑटोतून, वॉकर घेऊन, थेट मानोऱ्याला. त्यानं मला चुलीपाशी पाडलं होतं, माझा ओठ फुटला होता. तू वॉकर उचलून त्याच्या तोंडावर घातलास. भिंतीवर रक्त उडालं. "आता मोड माही तंगडी! आतून लोखंडाची हाये!" साऱ्या गल्लीनं ऐकलं.

मला इंझोरीला घरी आणलंस, आणि त्या पायावर तू उन्हाळाभर चाललीस. हापशीवर जायचीस, माझ्या पोळ्यांना नावं ठेवायचीस, मी रडले की खेकसायचीस. मग तो मेला कॅन्सर यकृतात शिरला आणि तू गेलीस. पण पाय काही पुन्हा मोडला नाही, माय!

राख सावडताना सळई निघाली. काळी पडली होती, वाकली नव्हती. मामा म्हणाला, "नदीत सोडून देऊ." मी त्याच्या हातातून हिसकावली आणि ओढणीत गुंडाळून घरी आणली. आज तोच मामा म्हणतो, "जाय आता नांदाले."

मी जाणार नाही. तुला शब्द देते, उद्या मी कडी लावून आत लपणार नाही. दार मीच उघडीन, आणि तुझी सळई माझ्या हातात असेल.

तुझीच पोरगी,
चंदा